फोटो एडिटिंगवर पैसे खर्च करावेत का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

लगीनसराई आणि आंब्याचा हंगाम जवळ आला की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे वाचक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरला दर महिन्याला पैसे भरावेत का? माझं मत आधीच सांगतो. एक फोटो समोर ठेवून हे ठरवता येत नाही, कारण एक फोटो मोफत साधनांनीही उत्तम होतो. एका बैठकीला किती फोटो हातावेगळे करायचे आहेत आणि त्या तासांचे पैसे तुम्हाला मिळतात का, हे बघायचं. किमती इथे मुद्दाम देत नाही, त्या सारख्या बदलतात. पैसे भरण्याआधी कंपनीच्या साइटवरचा आजचा आकडा बघा आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही तपासा.

हंगामात लग्नाच्या वीसेक ऑर्डर असतात. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदाराने फोटोशॉप टाकून दिलं होतं, आजवर त्यावरच काम केलं. आता नवीन कॅमेऱ्याच्या रॉ (मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइल त्यात उघडत नाहीत. सबस्क्रिप्शन घेऊ का?
— एक फोटोग्राफर, कुडाळ

घ्या. ज्यांना मी बिनदिक्कत 'घ्या' म्हणतो, त्यांत तुम्ही पहिले.

एका लग्नात दोन-अडीच हजार क्लिक सहज होतात. सकाळी हळदीला पिवळा मांडव आणि त्यात पिवळी हळद, मुहूर्ताला मंडपवाल्याचे एलईडी, बाजूने माडांतून झिरपणारं हिरवट ऊन, रात्री स्टेजवर जांभळे लाइट. प्रत्येक ठिकाणी व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगांची जुळवणी) वेगळा. एकेक फाइल उघडून हे नीट करायचं म्हटलं तर एका लग्नात कितीतरी रात्री जातात. फोटोशॉपच्याच अडोबी कंपनीच्या लाइटरूममध्ये एका जागेचा एक फोटो मनासारखा करायचा आणि तीच सेटिंग त्या जागेवरच्या तीनशे फोटोंना एकदम लावायची. चेहरा, आकाश, पार्श्वभूमी ते आपोआप वेगळं निवडतं, त्यामुळे नवरीच्या चेहऱ्यावरचा हिरवा रंग काढताना शालूचा हिरवा जात नाही. वाचलेले तास मोजा, तुमच्या एका तासाच्या मोबदल्याने गुणा आणि शेजारी वर्षाचं सबस्क्रिप्शन लिहा. वीस ऑर्डरींना हे गणित तुमच्याच बाजूने सुटेल.

अल्बम तुम्ही पीएसडी (फोटोशॉपच्या फाइलच्या) टेम्प्लेटमध्ये बसवत असणार. १२ बाय ३६ इंचाचं एक पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ३६०० बाय १०,८०० पिक्सेलचं होतं, आणि ते काम लाइटरूमचं नव्हे. म्हणून लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही मिळतील असाच फोटोग्राफी प्लॅन घ्या.

आता कराराचं. 'वार्षिक, पण पैसे महिन्याला' असा जो प्लॅन दिसतो, त्यात तुम्ही वर्षभराला बांधलेले असता. अडोबीच्या नियमाप्रमाणे १४ दिवसांनंतर तो मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेची निम्मी रक्कम वसूल होते. आपल्याकडे पाऊस लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत कामं थंडावतात, आणि 'आता चार महिने बंद ठेवू' असं मनात येतं. या प्लॅनमध्ये तसं करता येत नाही. खरोखर महिन्याच्या बोलीवरचा, कधीही सोडता येणारा प्लॅन मिळालाच तर महाग पडतो. मे महिन्यात हातात पैसे असतात तेव्हाच पूर्ण वर्षाचे भरून टाकावेत असं मी सुचवेन. नाहीतरी अल्बमची तुंबलेली कामं पावसातच होतात.

दुकानदाराने टाकून दिलेल्या कॉपीबद्दल स्पष्ट बोलतो. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमानुसार बेकायदा कॉपी आहे हे माहीत असताना ती वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. शिवाय क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर काय काय मशीनमध्ये शिरतं याचा पत्ता लागत नाही. त्याच मशीनमध्ये लोकांच्या लेकीसुनांचे फोटो असतात. त्यांनी विश्वासाने दिलेली ही गोष्ट आहे, आणि मला कायद्यापेक्षाही हे कारण मोठं वाटतं.

मी घरचा हापूस व्हॉट्सॲपवरून विकतो. मुंबईचा भाचा म्हणतो, फोटोशॉप शिकून घ्या, फोटो चकाचक होतील. पैसे घालावेत का?
— एक बागायतदार, देवगड

नको. तुमचे फोटो दहा-पंधरा, तेही मोबाइलवरच बघितले जाणारे. स्नॅपसीड हे मोफत ॲप पुरेसं आहे.

त्याआधी प्रकाशाकडे बघा. भर दुपारी अंगणात पेटी उघडून फोटो काढला की अर्धा आंबा पांढरा पडतो आणि अर्धा काळा. तीच पेटी पडवीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी ठेवा आणि खाली पांढरी चादर अंथरा. ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स असा लावा की चादर पांढरीच दिसेल. मग आंब्याचा रंग आपोआप खरा येतो.

सॅच्युरेशनला (रंगांच्या भडकपणाला) मात्र हात लावू नका. पिवळ्या-केशरी रंगात लाल चॅनल (फोटोतली लाल रंगाची नोंद) आधीच काठोकाठ भरलेला असतो. तो आणखी ढकलला की सालीवरचे बारीक ठिपके आणि देठाजवळची छटा सपाट होऊन आंबा प्लास्टिकचा दिसतो. पेटी घरी पोहोचल्यावर गिऱ्हाईक तो फोटो आणि हातातलं फळ शेजारी धरून बघणार आहे. पाठवताना एचडी पर्याय निवडा, म्हणजे व्हॉट्सॲप फोटो फारसा दाबणार नाही.

मी बीएस्सीला आहे. पावसाळ्यात सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) रानफुलांचे फोटो रॉमध्ये काढते. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, पैसे नाहीत. मोफत सॉफ्टवेअरने कमीपणा येतो का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

अजिबात येत नाही. तुझ्याकडे पैसे नसले तरी वेळ आहे, आणि मोफत सॉफ्टवेअर नेमका वेळच मागतं.

सुरुवात कॅमेऱ्याच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरपासून कर. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, सगळी फुकट आहेत, आणि कंपनीचे स्वतःचे रंग त्यांच्यात जसे उतरतात तसे दुसरीकडे क्वचितच. हात बसला की डार्कटेबल किंवा रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरपैकी एकच निवड. डार्कटेबल बघून पहिले काही आठवडे चक्रावल्यासारखं होईल. चिकाटी धर. दोन्ही सॉफ्टवेअर मूळ फाइलला धक्का लावत नाहीत, तुझे बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. रॉमध्ये काढतेस ते योग्यच आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. ढगाळ उजेडात कातळावरचं पांढरं फूल सावरायचं तर या पायऱ्या लागतात.

सीतेची आसवं किंवा गेंद यांच्याइतक्या लहान फुलात पूर्ण फूल एका फोकसमध्ये बसत नाही. थोडा थोडा फोकस सरकवून सात-आठ फोटो घ्यायचे आणि ते जोडायचे. ट्रायपॉड हवा आणि वारा पडलेला हवा. फोटोशॉपमध्ये हे दोन आज्ञांत होतं. मोफत हवं असेल तर ह्युगिनबरोबर येणारी फोटो जुळवायची सोय आणि एन्फ्यूज यांनीही होतं, फक्त खटपट जास्त. तुझ्या विषयात फुलाचा रंग ही ओळखीची खूण आहे, म्हणून एका फ्रेममध्ये राखाडी कार्ड धरून व्हाइट बॅलन्स त्यावरून घे आणि रंग सुंदर करायच्या फंदात पडू नकोस.

एकदाच पैसे भरून कायमचं मिळेल असं काही उरलंय का? दर महिन्याचं झेंगट नको वाटतं.
— एक हौशी वाचक, दापोली

अडोबीत उरलेलं नाही. फोटोशॉपचं विकत मिळणारं शेवटचं रूप २०१२ चं सीएस६, लाइटरूमचं २०१५ चं लाइटरूम ६. फोटोशॉप एलिमेंट्स अजून एकरकमी मिळतं, पण २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना तीनच वर्षांचा आहे. ॲफिनिटी फोटो अनेक वर्षं एकरकमी विकलं जात होतं. कॅनव्हाने ती कंपनी २०२४ मध्ये घेतली आणि २०२५ च्या अखेरीस ॲफिनिटी मोफत केलं. त्यासाठी कॅनव्हाचं खातं लागतं आणि एआयची साधनं पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात. जिंप पहिल्यापासून मोफत आहे, आणि मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत केलेले फिल्टर नंतर बदलायची सोय आल्यापासून ते वापरायला खूपच सुधारलं आहे. हौसेसाठी आधी यांतलं एक घ्या.

कुणाकडे विकत घेतलेलं जुनं सीएस६ असेल तर ते टाकू नका. अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल त्याला वाचता येतील अशा करून देतो.

सबस्क्रिप्शन सोडल्यावर काय होतं हेही अनेक जण विचारतात. लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, मात्र सुधारणा करायचा डेव्हलप विभाग बंद होतो. म्हणून सोडायच्या आधी पूर्ण झालेले फोटो मोठ्या आकारात एक्स्पोर्ट करून ठेवायचे.

जत्रेतल्या दशावतारी नाटकांचे फोटो काढतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ६४०० ला गेल्यावर फोटोत रवा पडतो. एआय डीनॉइजसाठी (हा रवा काढायच्या सोयीसाठी) लाइटरूम घेणं योग्य आहे का? पैसे मिळत नाहीत, निव्वळ आवड आहे.
— एक वाचक, सावंतवाडी

एआय डीनॉइज लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ ला आलं, आणि अंधारातल्या रॉ फोटोंवर ते करतं ते काम मोफत साधनांत त्या सहजतेने होत नाही, हे मान्य करायलाच हवं. चेहऱ्यावरचं रंगकाम, डोळ्यांतली चमक शाबूत राहते आणि मागच्या पडद्यावरचा रवा जातो. तुमचं मशीन जुनं असेल, चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर एकेका फोटोला काही मिनिटं लागतील हे धरून चाला.

पण तुम्ही कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर काढत असाल तर तो पैसा आधी लेन्समध्ये घाला. १८-५५ ची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ ला येऊन थांबते (हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). साधी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे आज आयएसओ ६४०० लागतो तिथे ८०० च्याही खाली काम होईल. राजाची एंट्री, तलवारीची फेक यांना १/२५० सेकंदाचा शटर सोडू नका. हललेला फोटो कुठलंच डीनॉइज सरळ करत नाही.

लेन्स असूनही हवंच असेल तर वर्षाचा करार करू नका. जत्रांचा सगळा हंगाम रॉमध्ये काढा, निवडा, मग महिन्याच्या बोलीवरचा प्लॅन मिळत असेल तर एका महिन्याचंच सबस्क्रिप्शन घेऊन निवडलेल्या सगळ्या फोटोंचं काम उरका आणि एक्स्पोर्ट करून बंद करा. त्याआधी सात दिवसांची मोफत चाचणी असते. तुमचे सगळ्यात अंधारातले तीस फोटो तिच्यावर चालवून बघा. त्यासाठी कार्डाचा नंबर द्यावा लागतो, त्यामुळे घ्यायचं नसेल तर मुदतीआधी स्वतः रद्द करा.

जुलै २०२१ च्या पुरात घरातले जुने अल्बम भिजले. आजी-आजोबांचे काळे-पांढरे फोटो डागाळलेत. एक जण म्हणतो, पैसे भरून एआयचं ॲप घे, एका मिनिटात नवे होतील. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, चिपळूण

आधी फोटोंना हात लावायचं थांबवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, वरचा थर काचेलाच राहतो. काचेसकट स्कॅन करा. जे सुटे आहेत ते ६०० डीपीआयला, दर्जा न घटवणाऱ्या टिफ फाइलमध्ये, आणि फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीत मोडमध्ये स्कॅन करा.

रंगीत का, ते सांगतो, कारण दुरुस्तीचं सगळ्यात मोठं काम इथेच फुकटात होतं. पिवळा पडलेला कागद आणि लाल-तपकिरी चिखलाचा डाग निळा प्रकाश शोषतात, लाल फारसा नाही. म्हणून तोच स्कॅन निळ्या चॅनलमध्ये बघितला तर डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये पुष्कळसा विरतो. जिंपमध्ये स्कॅन उघडून त्याचे तीन चॅनल वेगळे करायचे आणि लाल ठेवून बाकीचे दोन सोडून द्यायचे. फोटो मुळात काळा-पांढराच असल्याने काही गमावत नाही. उरलेले ओरखडे हील टूलने, मोठं करून, सावकाश भरायचे. एका फोटोला एक संध्याकाळ लागली तर लागू द्या.

एका मिनिटात नवा चेहरा देणाऱ्या ॲपबद्दल मात्र मी तुम्हाला आग्रहाने सांगतो, तो फोटो आजीचा म्हणून भिंतीवर लावू नका. चेहऱ्याचा जो भाग पाण्याने गेला, त्याची माहिती फाइलमध्ये नाही. ॲप ती जागा इतर हजारो चेहऱ्यांवरून भरतं. नाक सुबक होतं, डोळे पाणीदार होतात, आणि ती बाई तुमची आजी राहत नाही. ज्या नातवंडांनी तिला पाहिलंच नाही, त्यांना पुढे तोच चेहरा खरा वाटेल. पार्श्वभूमी, लुगड्याचा काठ, फाटलेला कोपरा यांसाठी एआय वापरायला माझी हरकत नाही. चेहरा जेवढा उरलाय तेवढाच ठेवा. त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो नातेवाइकांकडे सापडला तर गेलेला भाग त्यावरून घेता येतो. मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांकडे जरूर विचारा, एकाच लग्नाच्या प्रती चार घरांत गेलेल्या असतात.

फोटो दहा-वीस असतील तर सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. त्यापेक्षा चांगल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करून घ्यायला पैसे द्या. शेकड्याने असतील आणि तुम्हाला वेळ नसेल तर अनुभवी माणसाकडे द्या. सुरुवातीला एकच फोटो देऊन काम बघा, चेहऱ्याला एआय लावायचं नाही हे आधी बजावा आणि काम संपल्यावर न सुधारलेला स्कॅन व सुधारलेला फोटो, दोन्ही टिफ फाइल मागून घ्या.