विद्यार्थी स्वयंसेवकांच्या होस्टिंगवर वेबसाइट बंद पडली, तर कोणी काय करायचं?

तुमची तक्रार अशी: बर्कली विद्यापीठातल्या तुमच्या विद्यार्थी मंडळाची वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट ओसीएफवर, म्हणजे ओपन कम्प्युटिंग फॅसिलिटी या विद्यार्थ्यांच्या होस्टिंग सेवेवर आहे, ती उघडत नाही, आणि तिथले स्वयंसेवक म्हणतात, ‘सर्व्हर चालू आहे, साइट तुम्ही बघा.’ हे उत्तर तुटक वाटेल, पण ते बरोबर आहे.

ओसीएफ १९८९ पासून विद्यार्थीच चालवतात, अभ्यास सांभाळून आणि बिनपगारी. सर्व्हर, तुमचं खातं, डेटाबेसची सेवा आणि मंडळाच्या पत्त्याची त्यांच्या बाजूची जोडणी ही त्यांची जबाबदारी. थीम (साइटचं रूप), प्लगइन (जादा सोयींचे जोड), कोड आणि मजकूर तुमचा. कुठलं प्लगइन कशासाठी टाकलंय हे बाहेरच्याला कळत नाही. त्याने अंदाजाने एखादी ओळ बदलली, तर पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाते आणि तीच अडचण पुन्हा येते.

म्हणून ओसीएफला मेल करण्याआधी दोष कुणाच्या बाजूला आहे ते तपासा. पब्लिक_एचटीएमएल फोल्डरमध्ये एका ओळीची साधी एचटीएमएल फाइल ठेवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. ती उघडली तर सर्व्हर ठीक आहे, दोष बहुतेक वर्डप्रेसमध्ये आहे. ४०३ (प्रवेश नाकारला) हा त्रुटी-क्रमांक आला तर परवानग्या, म्हणजे कोण वाचू-लिहू शकतं ते ठरवणारे आकडे, बघा: फोल्डरला ७५५, फाइलला ६४४. सगळीकडे ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, देऊ नका. पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालत असेल तर कुणालाही लिहिता येणारी फाइल सर्व्हर नाकारतो आणि ४०३ जाऊन ५०० (सर्व्हरमधली त्रुटी) येतो. साधी फाइलसुद्धा ५०० देत असेल तर एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलचं नाव तात्पुरतं बदलून पाहा.

डेटाबेसशी जोडणी होत नाही असा संदेश असेल तर बहुतेकदा पासवर्डच जुळत नसतो. ओसीएफवर मेकमायएसक्यूएल ही डेटाबेस तयार करणारी आज्ञा पुन्हा चालवली की नवा पासवर्ड तयार होतो. तो डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमध्ये घालेपर्यंत साइट बंदच राहते. त्याच फाइलमध्ये डेटाबेस होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ नाही, ‘मायएसक्यूएल’ हवं. पान कोरं येत असेल तर प्लगइन फोल्डरचं नाव बदला. साइट उघडली की वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिनमधलं प्लगइनचं पान एकदा उघडा, म्हणजे सगळी बंद होतील, मग फोल्डरला मूळ नाव द्या आणि प्लगइन एकेक करून सुरू करा.

साइट हॅक झाली असेल तर मात्र स्वयंसेवक ती बंद करू शकतात, कारण त्याच सर्व्हरवर इतरांच्याही साइट आहेत. साफसफाई तुम्हालाच करायची आहे आणि ती अर्धवट केली तर काहीच उपयोग नाही. आधी सगळ्याची प्रत काढून बाजूला ठेवा. वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन मूळ ठिकाणाहून नव्याने घ्या, जुन्यांवर नुसत्या ओतू नका, जुनी फोल्डरं काढून टाका. अपलोड्स फोल्डरमध्ये चित्रं आणि कागदपत्रं असतात, तिथे पीएचपी फाइल दिसली तर ती संशयास्पद समजा. डब्ल्यूपी-कॉन्फिग ओळ न् ओळ वाचा, अनोळखी अ‍ॅडमिन काढा आणि शेवटी सगळे पासवर्ड बदला.

डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, हीसुद्धा तुमचीच जबाबदारी. गेल्या वर्षीच्या खजिनदाराने स्वतःच्या कार्डावर डोमेन घेतलं आणि पदवी घेऊन गेला, तर ते परत मिळवणं ओसीएफच्या हातात नाही. डोमेन मंडळाच्या सामाईक ईमेलवर नोंदवा आणि दर वर्षी नव्या कार्यकारिणीला खात्यासकट हवाली करा. माझ्या मते अशा मंडळांच्या साइटचं सगळ्यात मोठं नुकसान हॅकिंगपेक्षा या न झालेल्या हस्तांतरणाने होतं. महिन्यातून एकदा फाइली आणि मायएसक्यूएलडंप या आज्ञेने काढलेला डेटाबेस स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा. नुसत्या फाइलींवरून वर्डप्रेसचे लेख परत येत नाहीत, ते डेटाबेसमध्ये असतात.

इतकं करूनही अडलं तर जरूर लिहा. खात्याचं नाव, पूर्ण पत्ता, वेळ, संदेश जसाच्या तसा, शेवटी काय बदललं आणि साध्या फाइलने काय दाखवलं, एवढं द्या. पासवर्ड पाठवू नका, त्यांना तो लागत नाही. डिसेंबर आणि मे महिन्यात त्यांचीही सत्रपरीक्षा असते. त्या सुमारास कार्यक्रम असेल तर नोंदणीचं पान आठवडाभर आधी चालवून बघा.