५३ जणांच्या ताफ्याचा ‘अंदाज’ की ‘भाकीत’?

अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक ‘अमेरिकन फुटबॉल’ स्पर्धेचे संघ ऑगस्टअखेर आपले ‘फायनल रोस्टर’, म्हणजे हंगामासाठी ठेवलेल्या ५३ खेळाडूंची यादी, जाहीर करतात आणि त्याआधी तेथील क्रीडापत्रकार कोण राहील, कोण जाईल याचे ‘प्रेडिक्शन’ छापतात. त्याला मराठीत ‘अंतिम संघाचे भाकीत’ म्हणावे की ‘संभाव्य संघ’, असे तिकडे राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही टाळून ‘५३ जणांच्या ताफ्याचा अंदाज’ म्हणावे.

‘संभाव्य’ हा शब्द आपल्याकडे क्रिकेटने आधीच अडवून ठेवला आहे. २०१५च्या विश्वचषकासाठी भारताचे आधी ३० संभाव्य खेळाडू जाहीर झाले आणि त्यांतून १५ जणांचा संघ निवडला गेला, म्हणजे संभाव्य यादी ही चाळणी लागण्यापूर्वीची. फुटबॉलमध्ये तिच्या जागी सराव शिबिरातले ९० खेळाडू येतात. ‘रोस्टर’ तसाच ठेवावा, तर सरकारी कार्यालयात वावरलेल्या वाचकाला आधी आरक्षित पदांची बिंदुनामावली आठवेल! ‘ताफा’ मात्र आयपीएलच्या बातम्यांमुळे सर्वांच्या ओळखीचा झाला आहे.

‘भाकीत’ विज्ञानातही चालते, हे खरे. पण रोजच्या वापरात त्याला ज्योतिषाचा वास आहे. या पत्रकारांचे काम निराळे, जवळजवळ जमाखर्चाचे असते. किकर, पंटर (दोघे चेंडू लाथाडणारे) आणि लाँग स्नॅपर (त्यांच्यासाठी चेंडू मागे फेकणारा) हे तिघे खास खेळाडू धरले की उरलेल्या ५० जागा आक्रमण आणि बचाव यांच्यात साधारण निम्म्या-निम्म्या वाटायच्या असतात, आणि एका फळीत एक खेळाडू जास्त ठेवला की दुसऱ्या फळीतला एक कापावाच लागतो. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार, सहसा दोन किंवा तीन ठेवतात; तरीही २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने चार ठेवले, आणि त्यांतला चौथा होता नवोदितांच्या निवडीत (‘ड्राफ्ट’मध्ये) सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर घेतलेला आणि पुढे या खेळातला दिग्गज ठरलेला टॉम ब्रेडी. रूढ हिशेबाने चालणाऱ्या कोणीही त्याला बाहेरच ठेवले असते. तुटपुंज्या जागांची अशी आधीच केलेली वाटणी ज्या भाषेत ‘अंदाजपत्रक’ या शब्दाने ओळखली जाते, तिला येथे ‘अंदाज’ परका वाटू नये. (‘जाणकारांचा होरा’ही शोभेल, होरा हा ज्योतिषातलाच, मुळात ग्रीक शब्द असला तरी वापराने त्याचा तो रंग बराच उतरला आहे.)

‘अंतिम’ हे विशेषण मला सर्वांत खटकते. ‘अंतिम अकरा’ म्हणजे प्रत्यक्ष मैदानात उतरणारे, अशी आपली सवय. येथे ५३ पैकी सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जणच खेळण्यास पात्र असतात. शिवाय कपातीच्या दुसऱ्याच दिवशी इतर संघ कमी अनुभवी करारमुक्त खेळाडूंवर हक्क सांगू शकतात, त्यामुळे आदल्या दिवशीची यादी लगेच बदलू लागते.

याच कारणाने क्रीडापानांचा लाडका ‘डच्चू’ येथे जपून वापरावा, कारण आज करारमुक्त झालेला खेळाडू उद्या त्याच संघाच्या सराव पथकात परतलेला दिसतो. ‘कपात झाली’ किंवा ‘करारमुक्त केले’ पुरे. ज्यांच्याबद्दल शेवटपर्यंत काहीच सांगता येत नाही, त्यांच्यासाठी ‘काठावरचे खेळाडू’ म्हणावे. ‘कुंपणावरचे’ म्हटल्यास निर्णय संघाने नव्हे, त्या खेळाडूंनीच लांबवला आहे, असा उलटा अर्थ होईल.