बाजार भरलेला, तरी गाव जागेवरच का?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यात एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम करतो. गावात बंगले उठतात, नव्या गाड्या येतात. तरी शिकलेली मुले पुणे किंवा सुरत गाठतात आणि माझे काम व पगार कित्येक हंगामांत फारसे बदललेले नाहीत. अर्थव्यवस्थेचे साचलेपण म्हणतात ते हेच का? आणि यात माझा दोष किती?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : होय, हे साचलेपणच आहे. पैसा येत राहतो, पण त्यातून नवे काम उभे राहत नाही. जपानमध्ये 1990 नंतर शेअर आणि जमिनींचे भाव कोसळले, तेव्हा कंपन्या वर्षानुवर्षे नफ्यातून जुनी कर्जे फेडत राहिल्या, नव्या उद्योगासाठी कर्ज घेईनाशा झाल्या आणि त्या संपन्न देशातही पगार दीर्घकाळ थबकले. तिथल्या शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकाने 1989 च्या अखेरीस गाठलेला उच्चांक मोडायला 2024 उजाडले.

अमळनेरात उद्योगपती प्रतापशेठांनी 1906 मध्ये काढलेल्या गिरणीत कापसाचे सूत आणि कापड होत असे, आणि 1916 चे तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्थाही, त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. आज जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि ट्रक निघतो. कताई, विणाई, रंगाई, शिवण यांची मजुरी आणि नफा बहुतांशी दुसऱ्या गावांना मिळतो. काम जिथे गेले, तिथे मुले जाणारच.

विप्रोचे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली ही कंपनी पुढे संगणक क्षेत्रात वाढली, पण ती वाढ बंगळुरूसारख्या शहरांत झाली. तिचे समभाग मात्र अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी जपले. म्हणजे भांडवलाची उणीव हे एकमेव कारण नव्हे. आलेला पैसा बंगला, सोने आणि प्लॉट यांतच गुंतला, तर मालमत्ता वाढते, पण नियमित पगार देणारे काम वाढत नाही.

आपण स्वतःवर आळसाचा ठपका ठेवू नये. जिनिंग हंगामी असते, आणि जिथे माल पुढची पायरीच चढत नाही, तिथे हिशेबनिसाला चढायलाही पायरी नसते. तरीही नोकरी सोडण्याआधी एक गोष्ट पाहावी. गाठीचा भाव तंतूची लांबी, मजबुती, मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचे माप) आणि कचऱ्याचे प्रमाण यांवर ठरतो. ही प्रतवारी जाणणारा माणूस मालकाला भाव मिळवून देतो, म्हणून पगारवाढ मागताना त्याचा शब्द ऐकला जातो. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. पुढचा हंगाम लागण्यापूर्वी तेथील अभ्यासक्रमांची चौकशी करावी, आणि खर्च व रजेबाबत मालकांशी आधीच स्पष्ट बोलावे.