रस्ता साठ फुटी झाला की सुटलो का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात रस्ता ओलांडणं आणि सायकल यावर प्रश्न मागवले होते. सोलापूरकरांनी एवढं लिहिलंय की यावेळचं अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलं. नावं मुद्दाम गाळलीत, भाषा मात्र शक्यतो तुमचीच ठेवलीय.

प्रश्न : सर, आम्ही पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या जवळ. घरासमोरचा रस्ता साठ फुटी करणार म्हणून माणसं मापं घेऊन गेली. माझी आई विड्या वळते, सकाळी डबा घेऊन कारखान्यात जाते, तिला पलीकडे जायला कितीतरी वेळ ताटकळावं लागतं. सगळे म्हणतायत रस्ता मोठा झाला की गाड्या भराभर जातील आणि आईला सोपं होईल. खरंय का?

उत्तर : नाही हो दादा, अजून अवघड होईल, आणि हे उगं घाबरवायला सांगत नाही, जरा हिशोब करून बघा. हातात डबा घेतलेली बाई सेकंदाला साधारण एक मीटर चालते. डांबर बारा मीटर रुंद असलं तर पलीकडे जायला बारा सेकंद. पन्नासच्या स्पीडनं येणारी गाडी सेकंदाला चौदा मीटर कापते, म्हणजे तेवढ्यात जवळजवळ १७० मीटर. म्हणजे आईनं काय करायचं, तर १७० मीटर लांबची गाडी बघायची, तिचा स्पीड ओळखायचा, आणि मग पाय टाकायचा! तरण्याताठ्यांना जमत नाही हे. आता तेच डांबर साडेसहा मीटर धरा आणि गाड्या तीसच्या स्पीडला, तर तिला ५५ मीटरपर्यंतचं बघितलं तरी बास होतं.

ब्रेकचंही तसंच. ड्रायव्हरला सुचायला जो एखादा सेकंद जातो तो धरून कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, तीसची गाडी १३ मीटरच्या आसपास थांबते आणि पन्नासची २८. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत रस्त्यावर एकही माणूस मेला नाही, तिथं निम्म्याहून जास्त रस्त्यांना तीसचं लिमिट आहे. ते श्रीमंत, थंड गाव, आपलं तसं नाही, मान्य, पण बर्फावर ब्रेक आपल्यापेक्षा उशिराच लागतो की.

फक्त तीसची पाटी लावून कोण तीसनं चालवत नाही, पुढे रुंद सरळ डांबर दिसलं की अॅक्सिलेटर आपोआप पिळला जातो. म्हणून डांबरच कमी ठेवायचं. साठ फूट म्हणजे १८ मीटर. दोन्हीकडे अडीच-अडीच मीटर फुटपाथ, दोन-दोन मीटर सायकलला, मधे साडेसहा मीटर गाड्यांना, आणि राहिलेले अडीच मीटर एका कडेला झाडं, हातगाड्या, रिक्षा आणि दुचाकी पार्किंग. बसतं सगळं. फुटपाथ मात्र सलग पाहिजे आणि १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली पण तेच सांगते. आपल्याकडे फूटभर उंच बांधतात, मग दर गेटला उतार, मधेच विजेची डीपी, मधेच पानटपरी, गुडघे दुखणारी बाई दोनदा चढून-उतरून बघते आणि तिसऱ्यांदा खाली डांबरावरनंच चालायला लागते. मग म्हणायचं लोकांना शिस्त नाही.

आणि झाडं शोभेला नकोत, चालणाऱ्याच्या डोक्यावर पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे माणूस सावली बघून बाजू बदलतो, झेब्रा बघून नाही. जिथं ओलांडायचंय तिथंच एक कडुनिंब लावा.

प्रश्न : चौकाचे कोपरे छोटे करा असं तुम्ही मागे लिहिलं होतं. मग ऊसाचे ट्रॅक्टर वळणार कुठनं? दोन-दोन ट्रॉल्या असतात मागं.

उत्तर : हा प्रश्न सोलापुरातूनच येणार होता! आणि बरोबर आहे. वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतनं जात नाही, आत कापते, म्हणूनच कोपऱ्यावर उभा असलेला सायकलवाला ट्रॅक्टरला चुकवतो आणि ट्रॉलीखाली जातो. पण गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्या ट्रॅक्टरसाठी कोपरा मोठा गोल केला की वर्षभर प्रत्येक रिक्षा, प्रत्येक बुलेट तिथनं स्पीड कमी न करता वळते, तेही झेब्र्यावर माणसं असताना. यावर उपाय असा की कोपरा दोन टप्प्यांत करायचा. खरी कड ट्रॉली वळेल एवढी मागं, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला खडबडीत दगडी फरसाचा एक पट्टा, दोन-तीन बोटं उंच. ट्रॉलीचं चाक त्यावरनं आरामात जातं, कारवाला मात्र खडखडाट नको म्हणून बाहेरनं, हळू वळतो. माणसांनी थांबायचं त्या पट्ट्याच्या मागं, खऱ्या कडेवर, आणि तिथं दोन-तीन बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे बुटके खांब, ठोकायचे. शक्य असेल तर ट्रॅक्टर पेठांतनं आणूच नयेत हे खरं, पण ते होईपर्यंत कोपरा तरी नीट करा.

प्रश्न : मी यंत्रमागावर कामाला आहे, सायकलनं जातो. रात्रपाळी सुटते तेव्हा रस्ता रिकामा, गाड्या सुसाट. सायकल ट्रॅक करून काय उपयोग, त्यावर बाइकच लागतात. लाल रंग मारला की झालं, फोटो पेपरात.

उत्तर : भाऊ, रंगाबद्दल शंभर टक्के सहमत. नुसता रंग मारलेला ट्रॅक म्हणजे फुकट पार्किंग. ट्रॅक गाड्यांच्या बाजूला काढला की चुकलंच. आधी फुटपाथ, त्याला लागून सायकल, मग पार्किंगचा पट्टा, आणि मग गाड्या, असा क्रम लावला तर उभ्या असलेल्या बाइकच तुमची भिंत होतात. ज्या बाजूला पार्किंग नाही तिथं मधे बारकी सलग कड पाहिजे. ट्रॅक डांबरापेक्षा थोडा उंच, फुटपाथपेक्षा थोडा खाली. तोंडाशी एकच खांब, सायकल जाईल पण चारचाकी नाही. बाइक घुसणार, ती कुठंच थांबत नाही, पण आत लावायला जागाच ठेवली नाही तर टिकत नाही.

पुण्यानं २०१७ मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तरी तिथले ट्रॅक तुकड्या-तुकड्यात आहेत आणि नेमके चौकात गायब होतात. सायकलवाल्याला सगळ्यात जास्त धोका चौकातच. म्हणून पैसे कमी असतील तर मी म्हणेन लांबलचक ट्रॅक राहू द्या, तुमच्या वाटेवरचे दोन-चार चौक आधी करा. आणि रात्रीसाठी दिवे खालच्या उंचीवर, फुटपाथ-सायकलवर पडतील असे. उंच खांबाचा उजेड झाडाच्या शेंड्यावर पडतो, खाली अंधारच.

प्रश्न : नवी पेठेत कपड्याचं दुकान आहे. पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक येणार नाही. तुम्हाला काय जातंय सांगायला?

उत्तर : मालक, माझं काही जात नाही हे कबूल, जातंय ते तुमचं, म्हणून मोजून बघा असं म्हणतो. एका शनिवारी संध्याकाळी पोराला दारात बसवा, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चालत आलं, बाइकवर, रिक्षानं का कारनं ते लिहायला सांगा. दुसऱ्या कागदावर दारासमोरच्या गाड्या कुणाच्या ते. माझी पैज आहे, त्यात बऱ्याच गाड्या तुमच्या, शेजाऱ्याच्या आणि दोन्ही दुकानांतल्या कामगारांच्या निघतील, सकाळी लावलेल्या त्या रात्री निघणार. एका कारच्या जागेत पाच दुचाकी बसतात, ते गणित तर तुम्ही माझ्यापेक्षा फास्ट कराल. चेन्नईला टी नगरमध्ये पाँडी बझार आहे, साड्या-कपड्यांचा मोठा बाजार, २०१९ मध्ये तिथं फुटपाथ रुंद करून पादचारी प्लाझा केला. खरेदीला गेलात तर बघून या. माल उतरवायला सकाळची वेळ ठरवून घ्या, तेवढी अट मात्र व्यापाऱ्यांनी सोडू नका.

प्रश्न : आमच्या गल्लीत तीन स्पीड ब्रेकर, कंबर मोडली. हेच का तुमचं सेफ डिझाइन?

उत्तर : छे! ते रातोरात घातलेले उंचवटे, डिझाइन कसलं. नियमावलीतला ब्रेकर १० सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर लांब असतो, २५ च्या स्पीडला आरामात जाता येईल असा. आपले तेवढेच उंच आणि हातभर लांब, म्हणून मणके हलतात. त्यापेक्षा झेब्राच फुटपाथच्या लेव्हलला उचला, ज्याला टेबल टॉप म्हणतात. माणूस न उतरता पलीकडे जातो आणि चढ-उतार गाडीला. कडेला पाणी जायला जाळी ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथं तळं.

प्रश्न : मग गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी काठ्यांची मिरवणूक कशी जाणार? टेबल टॉप, खांब, झाडं...

उत्तर : सात नंदीध्वज, म्हणजे त्या उंच काठ्या, जातात त्या मार्गावर उचललेला झेब्रा करायचाच असेल तर उतार एकदम सावकाश ठेवायचा, काठी पेलणाऱ्याचा पाय अडखळायला नको, तो खाली बघू शकत नाही. बोलार्ड काढता येणारे, आणि झाडं कडेच्या पट्ट्यातच, फांदी आत यायला नको. मानकऱ्यांना ड्रॉइंग काढण्याआधी बोलवा, नंतर नको.

प्रश्न : हे सगळं सांगायचं कुणाला? निवेदनं देऊन देऊन थकलो.

उत्तर : निवेदनाच्या आधी ड्रॉइंग मागा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. तुमच्या रस्त्याचा आडवा छेद मागायचा, फुटपाथ किती मीटर, डांबर किती, ओलांडायला जागा कुठं. वर्क ऑर्डर निघायच्या आधी हे हातात आलं तर बोलण्यात दम येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८ए आलंय, ठरलेली सुरक्षेची मानकं न पाळल्यामुळं माणूस मेला किंवा अपंग झाला तर रस्ता करणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. एका जिवाला एक लाख, काय बोलायचं, पण अर्जात कलम लिहा, वाचणारा जरा सावरून बसतो. सोबत वाहतूक शाखेकडे ट्रायल मागा, वाळू भरलेले ड्रम आणि कोन ठेवून चौकाचा एक कोपरा महिनाभर बारीक करून बघायचा. जमलं नाही तर ड्रम उचलायला एक टेम्पो पुरतो.