पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली तरी ‘आमच्या गल्लीत पाणी येत नाही’ असे लोक का म्हणतात? हा पुष्टीकरण पूर्वग्रह आहे का?

होय, बऱ्याच अंशी हा पुष्टीकरण पूर्वग्रहच आहे, म्हणजे आपल्या आधीच्या समजुतीला दुजोरा देणारेच पुरावे शोधण्याची आणि आठवण्याची सवय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चढत असतानाही माणूस उंबऱ्याला पाणी न लागलेली वर्षेच आठवतो आणि २०१९ चा महापूर अपवाद ठरवून बाजूला सारतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये २-४-६ या आकड्यांमागचा नियम ओळखायला सांगितला, तेव्हा अनेकांनी ८-१०-१२ असे, ‘दोन-दोनने वाढणारे’ या मनातल्या नियमाला जुळणारेच आकडे विचारून पाहिले. खरा नियम केवळ चढत्या क्रमाचा होता, आणि १-२-३ असे न जुळणारे आकडे विचारताच चूक उघड झाली असती. मात्र घर न सोडण्यामागे पुष्कळदा गोठ्यातल्या म्हशींची काळजी असते, आणि तिला पूर्वग्रह म्हणणे अन्यायाचे होईल.