हळदीला अंग चोरावं लागणार नाही, असं नेसा

ताई, तुमचं पत्र मिळालं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टोरांटोजवळ पुतण्याची हळद, तीही दिरांच्या घरामागच्या अंगणात, आणि निमंत्रणावर सूचना, ‘सगळ्यांनी पिवळ्यात या’. तुम्ही विचारलंय की आईची पिवळी पैठणी नेसावी का, नातवंडांना भारतातून पिवळे कपडे मागवावेत का, कॅनेडियन सुनेनं काय घालावं, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई ‘मला आता नको पिवळं’ म्हणतायत त्यांना काय सांगावं. असे प्रश्न परदेशातल्या बऱ्याच घरांतून येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैठणीचं. नेसू नका. तुम्ही नवरदेवाच्या सख्ख्या काकू. त्याला हळद लावायला तुम्हालाच पहिल्या दोन-चार जणींत बोलावणार. तो पाटावर बसलेला, तुम्ही वाकून त्याच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला आंब्याच्या पानानं हळद लावणार, आणि वाकलात की पदर थेट वाटीत. नाही गेला तरी तुमचं सगळं लक्ष त्या पदराकडे. मग लावून झालं की तुम्ही दोन पावलं मागे सरकणार, पुतण्यानं हळदीचा हात तुमच्या गालाकडे आणला की ‘अरे साडी, साडी!’ म्हणून ओरडणार. पोराला आयुष्यात एकदाच हळद लागते, आणि त्या वेळी काकूनं अंग चोरलेलं त्याला नक्की कळतं. कपडे निवडताना मी एवढीच एक गोष्ट बघायला सांगते: कुणी हळदीचा हात पुढे केला तर तुम्ही मागे सरकाल का? सरकणार असाल, तर तो कपडा त्या दिवसाचा नाही. पैठणी दुसऱ्या दिवशी लग्नात नेसा, तिथे ती शोभेल.

आणि भीती खरीच आहे. रेशीम आणि लोकर हळद फार पटकन पितात. पूर्वी हळदीनं कापड रंगवायचे ते उगाच नाही. सुती कापडही रंग धरतं, पण सुती कापड घासता येतं, उन्हात टाकता येतं, जुन्या पैठणीचे असे हाल करता येत नाहीत. तिचा जरीचा पदर डागाळला तर तो पूर्ववत होण्याची आशा धरू नये. त्यात भारतातून पाहुणे येताना घरची हळद घेऊन येतात. सांगलीची हळद, जिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, किंवा वर्ध्याकडची वायगावची. वायगावची तर तिच्यातल्या करक्युमिनच्या जास्त प्रमाणासाठीच नावाजलेली आहे, आणि करक्युमिन म्हणजेच तो पिवळा रंग. हळद जितकी अस्सल, तितका डाग पक्का.

आता दिरांना किंवा जाऊबाईंना एक फोन करा आणि विचारा की हळद कशी होणार आहे. विधीपुरती, की खेळायची? या दोन्हींचे कपडे वेगळे असतात आणि निमंत्रणावर हे कधीच लिहिलेलं नसतं. विधीच्या हळदीत पाटाभोवती रांगोळी, पाच किंवा सात सवाष्णी, पानानं किंवा दूर्वांनी लावलेली हळद, आणि मग उरलेली उष्टी हळद नवरीकडे. पाहुण्यांच्या कपाळाला बोट लागलं तर लागलं. खेळायच्या हळदीत मित्रमंडळी परातभर हळद घेऊन धावतात, वर पाणी, फुलांच्या पाकळ्या, डीजे. आपल्या आगरी-कोळी घरांत तर हळदीची रात्रच लग्नाइतकी मोठी असते, धवलारीण, म्हणजे लग्नगीतं गाणारी बाई, धवले म्हणते, अख्खं गाव नाचतं. तिथलं कुणी कपड्याचा विचार करून हळदीपासून लांब उभं राहत नाही.

नवरी गुजराती असल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडे याला पीठी म्हणतात, पंजाब्यांकडे वटणा, बंगाल्यांकडे गाये होलुद. बंगाल्यांकडेही वराला लागलेली हळद वधूकडे पाठवतात, अगदी आपल्या उष्ट्या हळदीसारखी. दोन्हीकडची हळद एकत्र होणार असेल तर त्यांच्या घरी कुणी काय नेसायचं ठरलंय हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. व्याही मंडळी बांधणीत आणि आपण वेगळ्याच थाटात, यात काही वाईट नाही, फक्त आधी माहीत असलं की बरं वाटतं.

‘सगळ्यांनी पिवळ्यात’ याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. यजमानांचा मान ठेवायचाच, पण साठ माणसं पिवळ्यात, मागे झेंडूच्या माळा पिवळ्या, हळदही पिवळी, मग फोटोत नवरदेव शोधावा लागतो. पिवळा रंग त्याला आणि नवरीला राहू द्या. तुमच्या अंगावर पिवळ्याचा काठ, पिवळी ओढणी किंवा नुसता पिवळा पोलका असला तरी सूचना पाळली गेली. साडी केशरी, पोपटी, राणी रंगाची नेसा. नवरीच्या हिरव्या चुड्याशेजारी हे रंग फार छान दिसतात. काळं मात्र टाळा. संक्रांतीला आपण हौसेनं काळी चंद्रकळा नेसतो, पण लग्नकार्यात घरातल्या मोठ्यांना काळं खटकतं आणि त्यासाठी त्यांचं मन दुखवण्यात अर्थ नाही. पांढऱ्याचं म्हणाल तर तरुण मुलं हल्ली मुद्दाम पांढरा सदरा घालतात, त्यावर हळद उठून दिसते म्हणून. काही घरांत पांढरंही चालत नाही, तेवढं विचारून घ्या.

नातवंडांसाठी भारतातून काही मागवू नका. मी हे अगदी कळकळीनं सांगते, कारण दर लग्नसराईत आईबाप यात जीव काढतात. पार्सल वेळेवर येत नाही, आलं तर माप चुकतं, आणि मापात बसलं तरी आतून टोचणारं आरशांचं काम असतं. मूल पंधराव्या मिनिटाला रडायला लागतं. तुमच्या गावातल्या कुठल्याही दुकानात साधा पिवळा सुती टीशर्ट मिळतो. खाली घरातली पँट. मुलांना हळदीत लोळू द्या. लहान्यांची त्वचा नाजूक असते, म्हणून आदल्या दिवशी हळदीचं बोट कोपराच्या आत लावून बघा, लाली किंवा खाज आली तर त्याच्या फक्त पायाला टिळा लावायचा.

तुमच्यासाठी सुती साडी, शक्यतो छापील. बारीक नक्षीत डाग लपतो. इरकल असेल घरात वापरातली, धुऊन मऊ झालेली, तर तिच्याहून चांगलं काही नाही. पदर लांब सोडू नका, खांद्यावर घड्या घालून पिन लावा आणि टोक कमरेला खोचा. पोलक्याची बाही कोपरापर्यंत आणि अंगासरशी. हल्ली ज्या घेरदार, झालरीच्या बाह्या शिवतात त्या पहिल्यांदा वाटीत बुडतात. परकरही जुना घ्या, कारण हळदीचं पाणी साडीतून खाली झिरपतं आणि ते संध्याकाळी लक्षात येतं. पंजाबी ड्रेस घालणार असाल तर ओढणी तिरकी घेऊन बाजूला गाठ मारा.

पुरुषांचं लवकर आटपतं. सुती सदरा, लेंगा, बस. नवरदेवाच्या कपड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण त्याच्या कपड्यांचा विचार नेमका कुणी करत नाही. त्याला डोक्यावरून काढायचा कुर्ता देऊ नका. चेहऱ्याला, मानेला, केसांना ओली हळद असताना तो कुर्ता काढायचा म्हणजे सगळी हळद डोळ्यांत. पुढून पूर्ण उघडणारा सदरा किंवा आपली जुनी पद्धत, बनियन आणि पंचा, हेच बरं. लेन्स वापरत असेल तर त्या दिवशी चष्मा. नवरीनंही तेच. आणि तिची नखं पांढऱ्या टोकांची करायची असतील तर ती हळदीनंतर, आधी केली तर पिवळी होतात. मोती, घड्याळाचा कातडी पट्टा, अंगठ्या घरी काढून ठेवा.

थंडीचं विसरू नका. सप्टेंबर संपता संपता तिथे सकाळी चांगलाच गारवा असतो, आणि ओली हळद लावून उघड्यावर बसलं की हुडहुडी भरते. साडीच्या आत जुने थर्मल घाला, अंगाबरोबरचे. वरून शाल नको, लोकरीवरचा डाग निघत नाही. गडद रंगाचं धुता येणारं जाकीट खुर्चीवर ठेवा, लावून झालं की घाला. पायात सहज निघणाऱ्या चपला, गवत ओलं असेल तर मोज्यांचा एक जोड पिशवीत. हळद कोमट ठेवायला सांगा, नवरदेव दुवा देईल.

सुनेला ‘तुझ्या मनाला येईल ते घाल’ असं सांगू नका. प्रेमानंच म्हणतो आपण, पण नवख्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही आणि ती बिचारी रात्रभर इंटरनेटवर शोधत बसते. तिला नेमकं सांगा: धुता येईल असं सुती घाल, खांदे आणि गुडघे झाकलेलं, कारण बराच वेळ खाली बसायचंय, आणि डाग पडणार हे धरून चाल. तिच्याकडचा साधा सुती लांब फ्रॉक अगदी चालेल, वरून तुमची एखादी पिवळी ओढणी द्या. साडीची हौस असेल तर नेसवा, पण मग निऱ्यांना पिना लावून, म्हणजे ती मोकळेपणानं वाकू शकेल. आणि हळद कशी लावायची हे तिला आदल्या रात्री स्वयंपाकघरात दाखवून ठेवा. पाटापुढे सगळ्यांदेखत शिकायला लागलं की माणूस बावरतं.

आता सासूबाई. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात, पण मला सगळ्यात जास्त त्याच लागल्या. मामंजी गेल्यापासून त्या फिकट रंग नेसतात, आणि हळद सवाष्णींनी लावायची म्हणून त्या दिवशी आत बसून राहीन म्हणतायत. ताई, त्या नवरदेवाच्या आजी आहेत. हजारो मैल प्रवास करून नातवाच्या लग्नाला आल्यात. त्यांच्या वाट्याला खिडकीतून बघणं येऊ देऊ नका. महाराष्ट्रातही आता अनेक घरांत विधवा आई, आजी, आत्या हळद लावतात, औक्षण करतात, आणि त्यानं कुठल्याही संसाराचं वाईट झालेलं नाही. पण त्यांना पिवळी साडी हातात देऊन ‘नेसाच’ म्हणू नका, त्यांच्या मनाला ते फार अवघड जाईल. हळदी रंगाचा बारीक काठ असलेली सुती साडी त्यांच्यासाठी काढून ठेवा आणि नातवाला त्यांच्याकडे पाठवा. ‘आजी, पहिलं बोट तुझं,’ हे त्यानं स्वतः म्हणायला हवं. तुम्ही-आम्ही सांगून होत नाही ते त्याच्या तोंडून होतं. त्या तरीही नाही म्हणाल्या तर त्यांचं म्हणणं राखा, पण त्यांची खुर्ची पाटाच्या शेजारी मांडा, आतल्या खोलीत नको.

परतीची तयारी आदल्या रात्रीच करा. गाडीच्या सीटवर जुनी चादर, पिशवीत कपड्यांचा एक जोड, गडद टॉवेल. हळद घरात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये हलवायची वेळ आली, पाऊस आला तर, गालिच्यावर प्लास्टिक अंथरल्याशिवाय वाटी बाहेर काढू नका, नाहीतर अनामत रकमेवर पाणी सोडावं लागतं. चेहऱ्यावरचा पिवळेपणा साबणानं खसाखसा घासून जात नाही. करक्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात विरघळतं, म्हणून आधी खोबरेल चोळा, पुसा, मग तोंड धुवा.

कपडे धुताना साबण लावला की पिवळा डाग एकदम लालभडक होईल. घाबरू नका. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. चुळकाभर व्हिनेगर घालून खळबळलं की डाग परत पिवळा होतो. वाळलेली हळद आधी झटका, मग गार पाण्यात साबणानं धुवा, सुती असेल तर ऑक्सिजनवालं ब्लीच चालतं. ड्रायरमध्ये मात्र अजिबात टाकू नका, उष्णतेनं डाग बसतो. हळदीचा रंग प्रकाशात विटतो, तेव्हा ओला कपडा उन्हात टाका. बाहेर टाकता येत नसेल तर खिडकीतल्या उन्हातही विटतो, दिवस जास्त लागतात. रंगीत साडी फार काळ उन्हात ठेवू नका, तिचाही रंग उडेल, डागाचा भाग तेवढा वर येईल अशी घडी घाला.