झाडूची काडी

“ताई, डोळ्यात गाठ म्हणजे कॅन्सरच ना?” परळहून आलेल्या काकूंनी बसायच्या आधीच विचारलं. लेक 23 वर्षांची. चष्मा घालवायच्या लेझरआधीच्या तपासणीत बुबुळाच्या कडेला आतून आलेला फुगवटा दिसला होता. रिपोर्टवर लिहिलेलं : आयरिस सिस्ट, म्हणजे बुबुळाच्या रंगीत पडद्यातली पाण्याची पिशवी.

मी सवयीने “घाबरू नका” म्हणाले. चूकच. त्या दोन शब्दांनी कुणाची भीती गेलेली मी अजून पाहिलेली नाही.

मग कागदावर काढून दाखवलं. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे काळ्या पेशींचे दोन थर असतात, एकमेकांना चिकटलेले. क्वचित त्यांच्यात फट राहते आणि पाणी साचतं. यूबीएम म्हणजे डोळ्याची बारीक सोनोग्राफी. बधिर करणारा थेंब घालून, डोळ्यावर पाण्याची वाटी ठेवून करतात. तिच्यात हिची सिस्ट पातळ भिंतीची, आतून पोकळ दिसली. कॅन्सरची गाठ सहसा भरीव असते.

काकूंनी मान डोलावली, पण पदराचं टोक पिळणं थांबेना. लहानपणी डोळ्याला काही लागलं होतं का, असं मी विचारलं. मुलगी “नाही” म्हणाली आणि काकू रडायलाच लागल्या. लेक चार वर्षांची असताना, चाळीत केर काढताना खराट्याची काडी तिच्या डोळ्याला लागली होती. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

प्रश्न उगाच नव्हता. आरपार जखमेतून किंवा ऑपरेशनच्या छेदातून बाहेरच्या पेशी डोळ्यात शिरल्या, तर त्यांचीही सिस्ट होते. ती वाढत जाते, सुईने पाणी काढलं तरी पुन्हा भरू शकते, कधी ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून डॉक्टरांना पुन्हा विचारलं. त्यांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीखाली, नीट पाहिलं : बुबुळावरच्या काचेवर कुठेही वण नाही, सिस्ट मागच्या थरातली. काडीचा संबंध नाही.

“मग काढूनच टाका ना!”

हे मी रोज ऐकते. अशा बहुतेक सिस्ट आहेत तशाच राहतात, त्यांना हात लावायचा नसतो. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडून दाब वाढला किंवा बाहुली झाकली गेली, तरच लेझरने भोक पाडून ती रिकामी करतात. हिला सहा महिन्यांनी दाब तपासायला बोलावलंय. चष्म्याच्या लेझरचं तेव्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले.

दारात काकू थबकल्या. “काडीचं आता हिच्या बाबांना सांगू का हो?”

मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, “राहू दे गं आई, उगाच जेवताना विषय नको.”